मंगलताईची चौकशी

चौकशीला आलेली माणसं साध्या कपड्यांत होती, पण बूट पोलिसांचे, तांबडे होते. पिंपरी पेंढारच्या फाट्यावर सयाजीचं चहाचं दुकान आहे. त्यानं आधी ते बूट पाहिले आणि मग चहा गाळला. दोघे जण, एक मोटारसायकल, केस बारीक कापलेले. त्यांनी कांद्याच्या रोपांचं विचारलं, बिबट्या हल्ली कुठं दिसतो ते विचारलं, आणि दुसरा कप घेताना त्यातला एक जण सहज बोलावं तसं बोलला, "इथं मंगल कुटे म्हणून एक बाई आहेत ना? होमगार्डमधल्या. कशा आहेत?"

"कशा म्हंजी?"

"वागायला हो. कुणाशी भांडणतंटा? कुणाकडं जाणं-येणं? नवं घर कधी बांधलं?"

सयाजीनं काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक. मोटारसायकल ओतूरच्या बाजूला गेली, आणि दिवे लागायच्या आत पेंढारभर झालं की मंगलबाईची चौकशी चाललीय. पोलिसांची. आतली.

मंगलताई माझी चुलतबहीण. आम्ही दोघंही येडगावचे, धरणाच्या पाण्याकाठी वाढलेले. ती लग्न होऊन पेंढारला गेली, मी जुन्नरच्या बाजारपेठेत फोटोचं दुकान टाकलं. पुढचं काही मी तिच्या तोंडून ऐकलं, काही तिची मैत्रीण धोंडाबाई हिच्या, आणि थोडं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

होमगार्ड म्हणजे पोलीस नव्हे, हे आधी सांगायला हवं, कारण पुष्कळांना फरक कळत नाही. जत्रा, निवडणूक, गणपती, कुठंही पोलिसांना माणसं कमी पडली की होमगार्डला बोलावणं येतं. बंदोबस्त संपला की खाकी घडी घालून पेटीत आणि बाई पुन्हा कांद्याच्या वाफ्यात. हर्षाली, म्हणजे तिची मुलगी, रांगत होती तेव्हा ताई जुन्नरच्या पथकात भरती झाली. सासू लंकाबाईनं अबोला धरला. "सुनंला प्यांट घालून गावातनं हिंडवता व्हय?" असं ती ताईला नाही, मुलाला विचारायची. आमचे बाळासाहेब दाजी मुळात कमी बोलणारे. ते म्हणाले, "हिंडू दे की." त्या तीन शब्दांवर ताईची आजवरची सेवा झाली.

तिचा हातखंडा गर्दीतला. मला एकदा म्हणाली होती, "जत्रंत तोंडाकडं बघायचं न्हाई. तोंड समद्यांचं भाविकच असतं. हाताकडं बघायचं. देवाला आल्याला मानसाचा हात जोडल्याला असतो, न्हाय तर पोराला धरल्याला असतो. मोकळा हात दिसला का त्याच्या मागं लागायचं." शिवनेरीवर, ओतूरच्या यात्रेत, नारायणगावला, त्या नजरेनं तिनं दागिने ओढणाऱ्या कितीतरी जणींना मनगटाला धरून चौकीत नेलं. गावात सापळ्यात बिबट्या अडकला तेव्हा मोबाईल घेऊन पिंजऱ्यावर चालून आलेल्या गर्दीपुढं ती एकटी काठी आडवी धरून उभी राहिली होती.

आणि एक गोष्ट ती स्वतःहून कधी सांगत नाही. माहेरी येताना तिच्या समोर शेतमजूर बायकांनी भरलेली पिकअप येडगावच्या कालव्यात गेली. ताईनं साडीचा काचा मारून उडी घेतली. आम्ही पोरं धरणातच पोहायला शिकलो, पण कालव्याच्या पाण्याला ओढ फार. तिनं तीन बायका बाहेर काढल्या. चौथीचा हात हातात आला आणि सुटला. त्या चौथीमुळं ती तिघींबद्दल बोलत नाही.

तर अशा बाईची चौकशी.

पहिल्या दिवशी ताई हसली. म्हणाली, नावात घोटाळा झाला असंल. पण गिरणीत दळण घेऊन गेली तेव्हा आतलं बोलणं एकदम थांबलं, नुसता पट्ट्याचा आवाज राहिला. सयाजी इतर वेळी तिला नुसती मान हलवायचा. तो आता हात जोडून "या वहिनी, बसा वहिनी" करायला लागला, आणि ताईला ते जास्त खुपलं. हळूहळू बोलणंही कानावर आलं. होमगार्डच्या कामावर स्लॅबचं घर होतं व्हय? जत्रेत एवढ्या जणींना पकडलं म्हणतात, त्यातलं चौकीत किती पोचलं आणि पेटीत किती? नवं घर खरं तर दाजींनी टोमॅटोच्या एका चांगल्या हंगामावर बांधलं होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण माहीत असलेलं विसरायला गावाला वेळ लागत नाही.

जेवताना दाजींनी विचारलं, "काय केलंस का तू?"

ताईचा घास हातातच राहिला. "तुमाला काय वाटतं?"

"मी इचारतोय."

"एवढी वर्सं संगं काढली आन् आज इचारताय?"

दाजी अर्ध्या ताटावरून उठले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज सांगू शकतो. त्यांना तिनं "न्हाई" म्हटलेलं ऐकायचं होतं, म्हणजे उद्या फाट्यावर कुणी बोललं तर ठामपणानं बोलता आलं असतं. पण ताईनं "न्हाई" म्हटलं नाही, रागानं. आणि तिनं म्हटलं नाही याचा दाजींच्या मनात वेगळाच अर्थ घर करून बसला.

मग दीर. भगवंत आणि ताई-दाजी यांच्यात बांधावरून जुना वाद आहे. मोजणी झाली तरी तो मिटलेला नाही. ती तांबड्या बुटांची माणसं पुन्हा आली तेव्हा ताईनं त्यांची मोटारसायकल भगवंतच्या गोठ्यापुढं पाहिली. ती मुद्दाम तिथून गेली. भगवंतनं तिला पाहिलं आणि वैरणीचा भारा उचलायच्या निमित्तानं पाठ फिरवली. ताईनं मनातल्या मनात पहिलं नाव पक्कं केलं.

हर्षालीच्या लग्नाचं बेल्ह्याच्या एका घराशी जवळपास ठरलं होतं. सुपारी फोडायला पाहुणे यायचे होते. त्यांचा फोन आला, सध्या जरा थांबू. मध्यस्थाला खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्यांच्या कानावर काहीबाही गेलंय, राव. मानसं चांगली हायेत, पर घाबारली."

ताई पथकाच्या साहेबांकडं गेली. होमगार्डची आठवड्याची कवायत असते, त्या मैदानावर तिनं त्यांना बाजूला गाठलं. "साहेब, माझी कसली चौकशी चाललीय?"

साहेब मैदानाकडं बघत राहिले. "चौकशी होतच असते, बाई. तुम्ही तुमचं काम करा."

"कुनी तक्रार केलीय का?"

"मला काही सांगता येणार नाही." त्यांचा हात खिशात गेला आणि किल्ल्या वाजवत राहिला. ताई तो हात बघत होती. तिला वाटलं, या माणसाला सगळं माहीत आहे आणि हा दडवतोय. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. फक्त काय दडवतोय, ते तिच्या नजरेला दिसलं नाही.

घरी आल्यावर ती मागचं एकेक आठवायला लागली, आणि तिला भीमाशंकरची वाटी आठवली.

ते चार वर्षांपूर्वीचं. आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरला श्रावणी सोमवारी बंदोबस्ताला आसपासच्या पथकांतून माणसं नेतात. ताई आणि धोंडाबाई पायऱ्यांवर होत्या. धोंडाबाई पश्चिमेकडच्या डोंगरातली, आपटाळ्याच्या पुढची. भात आणि नाचणी करणारं घर. ताईपेक्षा थोडी मोठी, म्हणून ताई तिला धोंडाक्का म्हणायची. भरतीपासून दोघींची जोडी. एकीच्या घरी नवा तांदूळ आला की दुसरीकडं पोचायचा, आणि पेंढारहून कांदा, टोमॅटो डोंगरात जायचा. धोंडाबाई पेंढारला आली की मुक्काम केल्याशिवाय जायची नाही.

त्या सोमवारी पायऱ्यांवरच्या चिखलात ताईला तुटलेलं मंगळसूत्र दिसलं. तिनं ते उचललं आणि धोंडाबाईजवळ दिलं. धोंडाबाईनं ते रुमालात बांधून कमरेला खोचलं. ताई गर्दीत पुकारा करत गेली. शेवटी मंचरची एक बाई रडत चौकीच्या तंबूत आली. रुमाल सोडला तर मंगळसूत्राला एकच वाटी. दुसरी नव्हती. बाईनं तंबू डोक्यावर घेतला. "मंचरात माझं दुकान आहे, मला सगळे ओळखतात, मी अशी सोडणार नाही." दोघींची झडती झाली. काही निघालं नाही. तक्रार काही झाली नाही, बाईचा नवराच तिला समजावून घेऊन गेला. परतीच्या गाडीत ताई आणि धोंडाबाई शेजारी बसल्या होत्या आणि पार जुन्नर येईपर्यंत दोघी बोलल्या नाहीत.

नंतर बोलल्या. सगळं पहिल्यासारखं झालं, तांदूळ, कांदा, मुक्काम. पण वाटीचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

आता ताईला वाटलं, हेच. कुणीतरी वाटी उकरून काढलीय. आणि ती गोष्ट माहीत असणारी माणसं किती? ती मंचरची बाई, आणि धोंडाबाई.

थोड्याच दिवसांनी ताई एसटीनं जुन्नरला येत होती. गाडी स्टँडमध्ये वळली आणि तिला खिडकीतून धोंडाबाई दिसली. बाकावर बसलेली, दोन्ही बाजूंना दोन माणसं. एकाच्या पायात तांबडे बूट. धोंडाबाई हात हलवून काहीतरी सांगत होती आणि ते ऐकत होते. ताई गाडीतून उतरून पोचेपर्यंत बाक मोकळा होता.

पुढच्या कवायतीला तिनं साधेपणानं विचारलं, "धोंडाक्का, कुनी भेटाया आलं व्हतं का तुला?"

"मला? न्हाई बा." धोंडाबाईचा हात बोलता बोलता कमरेच्या पट्ट्यामागं गेला.

एवढंच. ज्या नजरेनं ताई गर्दीत चोर ओळखायची, त्याच नजरेनं तिनं तो हात पाहिला. कवायत सुटली होती, पथकातल्या बायका बाटल्यांतलं पाणी पीत झाडाखाली उभ्या होत्या. सगळ्यांसमोर ताई म्हणाली, "वाटी तुझ्या रुमालात व्हती, धोंडाक्का. माझ्या न्हाई."

धोंडाबाईला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं डोक्यावरची टोपी काढली, नीट दुमडली, तिथल्या कट्ट्यावर ठेवली आणि आपटाळ्याच्या गाडीकडं चालायला लागली. बाकीच्या बायका एकदा तिच्याकडं, एकदा ताईकडं बघत होत्या. त्या दिवसापासून पथकातही ताईच्या शेजारी उभं राहायला कुणी पुढं येईना. चोर कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण ताई कुणालाही काहीही बोलू शकते हे त्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतरच्या बंदोबस्ताला धोंडाबाई आली नाही.

इथवर आल्यावर दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ताईचा स्वभाव तसा नाही. संशय आला की शेवटापर्यंत जायचं, ही तिची सवय. तिनं ठरवलं, मंचरच्या बाईला गाठायचं आणि तक्रार तिनं केली का, कुणाच्या सांगण्यावरून केली, ते तोंडावर विचारायचं. दाजींना सांगितलं, हर्षालीच्या कपड्यांचं बघून येते.

मंचरच्या बाजारात विचारत विचारत ती त्या दुकानात पोचली. साड्यांना पिको-फॉल करायचं दुकान. बाई मशीनवर होत्या. ताई साध्या साडीत होती तरी बाईंनी तिला ओळखलं, आणि मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"तुम्ही भीमाशंकरच्या ना?"

"व्हय. तुमी माझ्याबद्दल पोलिसांना काय सांगितलंय ते इचाराया आलेय."

"मी? पोलिसांना?" बाई घाबरून उभ्या राहिल्या. "मी कशाला सांगू? अहो, ती वाटी तर..." आणि त्या थांबल्या.

"ती वाटी तर काय?"

बाईंनी दुकानाच्या दारापर्यंत जाऊन बाहेर पाहिलं. परत आल्या, स्टूल पुढं केलं. ताई बसली नाही. मग बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. घरी गेल्यावर ओल्या साड्या झटकताना वाटी खाली पडली होती. साडीच्या घडीत अडकलेली. मंगळसूत्र तुटलं तेव्हाच ती अंगावर राहिली होती.

"मग कळवलं का न्हाई?"

"कसं कळवू? एवढा तमाशा केला होता मी. तुमच्या दोघींची झडती घ्यायला लावली. नवरा म्हणाला, आता गप बस, कुणाचं काही नुकसान झालेलं नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माफ करा हो, ताई."

ताई सांगते, तिला त्या बाईचा राग आला नाही. राग यायला मनात जागाच नव्हती. ती मंचरच्या स्टँडवर येऊन बसली आणि नारायणगावच्या दोन गाड्या तिच्या समोरून निघून गेल्या. कुणाचं नुकसान झालं नाही, हे वाक्य ती पुन्हा पुन्हा ऐकत होती. धोंडाबाईनं घेतली नव्हती. आणि धोंडाबाईनं घेतली असणार, हे ताईनं त्या दिवशी रागात ठरवलेलं नव्हतं. ते चार वर्षं तिच्या आत बसून होतं. नवा तांदूळ शिजवताना, मुक्कामाला आलेल्या धोंडाबाईला अंथरूण घालताना, ते तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती आपटाळ्याच्या पुढं गेली. डोंगरात भाताची झोडणी चालली होती. धोंडाबाई खळ्यावर होती. ताईला बघून तिनं हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"पाणी पी," ती म्हणाली. "तांब्या तिथं हाय."

ताईनं पाणी प्यायलं नाही. मंचरचं सगळं सांगितलं. पेंढी दगडावर आपटत होती, दाणे उडत होते. सांगून झालं तेव्हा धोंडाबाई थांबली.

"सापडली म्हन की."

"सापडली. त्याच दिवशी सापडली व्हती. मी तुला लई वंगाळ बोलले, धोंडाक्का."

"बोललीस." धोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता माझंबी ऐक. ती मानसं मला भेटली व्हती. बाकावर बसून इचारलं त्यांनी, मंगल कुटे कशी हाय, कधी कुठं हात मारला का, कुनाकडनं काय घेती का. कुनाला सांगू नका म्हनाले, तुमच्या मंगलबाईला तर मुळीच न्हाई. म्हनून मी तुला न्हाई म्हनले."

"काय सांगितलंस त्यांना?"

"सोन्यासारखी हाय म्हनले." धोंडाबाईनं उडालेले दाणे हातानं आत सारले. "आन् सांगताना मला ठावं न्हवतं, मी खरं बोलते का खोटं. चार वर्सं मलाबी वाटायचं, मंगळसूत्र उचाललं तेव्हा आधी हिच्याच हातात व्हतं. मला देताना एकच वाटी दिली असंल."

ताई खळ्याच्या कडेला बसली. मग ताई म्हणाली, "तरीबी चांगलं सांगितलंस."

"तू कालव्यात उडी घेतलीस ते सांगितलं. ते तर खरं व्हतं ना." धोंडाबाईनं दुसरी पेंढी उचलली. "पर मंगल, मला वाटत व्हतं ते मी पोटात ठिवलं. तू चारचौघीत काढलंस."

ताईनं पदर खोचला आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत धोंडाबाईबरोबर भात झोडला. जाताना धोंडाबाई फाट्यापर्यंत आली नाही.

पुढच्या कवायतीला ताईनं पथकाच्या रांगेसमोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं की वाटी मालकिणीच्या घरी सापडली होती, आणि धोंडाबाईवर आपण घेतलेला आळ खोटा होता. साहेबांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते ताईला एकटीला म्हणाले, "बाई, आत्ता थोडे दिवस असलं काही जाहीर बोलू नका." ताईचा संशय पुन्हा जागा झाला. वाटीचं कोडं तर सुटलं. मग चौकशी कसली?

तिचं उत्तर सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी मिळालं. ताई वाफ्यात खुरपत होती. फोन वाजला.

"बाई, अभिनंदन! तुम्हाला राष्ट्रपतींचं पदक जाहीर झालंय. गुणवत्तापूर्ण सेवेचं. आत्ता दिल्लीहून नावं आली."

"कोन बोलतंय?"

"अहो, मी बोलतोय, साहेब!"

"साहेबांचा आवाज काढून बोलताय. मी ओटीपी देनार न्हाई." आणि तिनं फोन ठेवून दिला.

साहेबांना शेवटी जुन्नरहून गाडी काढून पेंढारला यावं लागलं. बांधावर उभं राहून त्यांनी सांगितलं. कालव्यातल्या त्या उडीसाठी आणि इतक्या वर्षांच्या बिनडाग सेवेसाठी त्यांनीच तिचं नाव वर पाठवलं होतं. पदक द्यायचं तर माणसाचं चारित्र्य तपासावं लागतं. गावात, कामावर, शेजारी गुपचूप विचारतात. आणि ज्याच्याबद्दल विचारायचं त्याला काही कळू द्यायचं नसतं. "कितीदा वाटलं तुम्हाला सांगावं. पण माझे हात बांधलेले होते."

ताई खुरपं हातात धरून उभी होती. म्हणाली, "साहेब, तुमच्या या मानानं माझ्या लेकीचं लगीन मोडलं आन् माझी मैतरीन गेली."

गाव मात्र पालटायला दिवसभरही लागला नाही. दुपारपर्यंत फाट्यावर ताईचा फोटो असलेला फ्लेक्स लागला. तो फोटो माझ्याच दुकानातला. न विचारता कुणीतरी मोबाईलवरून उचललेला. देवळासमोर सत्कार झाला. सयाजीनं पहिला हार घातला आणि माईक हातात घेऊन सांगितलं की चौकशीची माणसं आली तेव्हा सगळ्यात आधी त्यानंच वहिनींबद्दल चांगलं सांगितलं होतं. त्यामागून येणारा प्रत्येक जण तेच सांगायला लागला. मी सांगितलं, मीच सांगितलं. गिरणीतल्या बायकांनीही सांगितलं. मी फोटो काढत होतो. प्रत्येक फोटोत ताईची नजर हाराकडं नाही, हार घालणाऱ्याच्या हातांकडं आहे. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं असेल तर गावात ते बाकीचं कुणी पसरवलं, हे तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही.

भगवंत सत्काराला आला नाही. नंतर बांधावर समोरासमोर आले तेव्हा ताईनं सरळ विचारलं, "भाऊजी, तुमी काय सांगितलंत त्यांना?"

"ते सांगायचं नसतं म्हनले," भगवंत म्हणाला आणि बैल पुढं हाकले.

सत्काराच्या दिवशी जेवताना दाजींनी म्हटलं, "मी इचारायला नगं व्हतं."

"इचारलंत ते ठीक," ताई म्हणाली. "माझं उत्तर आयकायला थांबला असता तर बरं झालं असतं." दाजी मान खाली घालून जेवले. आता दोघांचं बरं चाललंय, पण ताई म्हणते, दाजींच्या प्रत्येक साध्या प्रश्नातसुद्धा तिला अजून तो प्रश्न ऐकू येतो.

बेल्ह्याच्या पाहुण्यांचा फोन आठवड्याच्या आत आला. सुपारीची तारीख काढू म्हणाले. हर्षालीनं आईच्या हातातून फोन घेतला आणि नम्रपणे सांगितलं, "नको काका. उद्या माझ्याबद्दल कुणी काही बोललं तर तुम्ही पुन्हा थांबाल." फोन ठेवल्यावर ती खूप रडली, कारण तो मुलगा तिला आवडला होता. लंकाबाई इतकी म्हातारी झालीय की तिला पदक आणि पंचायतीचा बिल्ला यांतला फरक कळत नाही, पण नातीचं ऐकून ती म्हणाली, "बरं केलं."

पदक पुढं मुंबईला एका मोठ्या कार्यक्रमात मिळालं. बरोबर दोन माणसं नेता येत होती. दाजी गेले, आणि दुसऱ्या जागेसाठी ताईनं धोंडाबाईला फोन केला. धोंडाबाई म्हणाली, भाताची लावणी आहे. ती खरंच होती का निमित्त होतं, हे ताईला आजही माहीत नाही. त्यावेळी तिनं तेही विचारलं नाही, आणि मला वाटतं, तिच्यासारख्या बाईला न विचारणंच सगळ्यात कठीण गेलं असेल. मग माझी वर्णी लागली. मंचावर तिच्याबद्दल वाचून दाखवलं. निष्कलंक, असा एक शब्द त्यात होता. तो ऐकताना ताईच्या तोंडावर काही हललं नाही, मी कॅमेऱ्यातून बघत होतो. परतीच्या गाडीत तिनं डबी उघडली नाही. घाटात म्हणाली, "त्यांनी माझ्याबद्दल समद्यांना इचारलं. मी कुनाबद्दल काय समजत व्हते, ते कुनाला इचारलं असतं तर पदक मिळालं नसतं."

मी म्हटलं, "मग ते कुणालाच मिळालं नसतं, ताई."



गणपतीच्या बंदोबस्ताला धोंडाबाई पुन्हा पथकात आली. साहेबांनी तिची टोपी जपून ठेवली होती. दोघींना एकाच गल्लीच्या दोन टोकांना उभं केलं होतं, ते बरं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. दिवाळीनंतर धोंडाबाई पेंढारलाही आली, पिशवीभर नवा तांदूळ घेऊन. ताईनं पदक दाखवलं. धोंडाबाईनं ते तळहातावर धरलं, मागून-पुढून पाहिलं, परत डबीत ठेवलं. जेवली. हर्षालीला नवं स्थळ आलं होतं, नारायणगावचं. त्याबद्दल खोदून खोदून विचारलं. आणि शेवटच्या गाडीनं परत गेली.

"पूर्वी मुक्काम करायची," ताई मला म्हणाली. "आता करत न्हाई. येती, ह्येच लई."